घंटा न होणारा वर्ग

1961 पासून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यावर शाळेच्या दिवसांत एक विमान इंग्रजी आठच्या आकड्यात घिरट्या घालायचं. उंची सुमारे सात किलोमीटर, पोटाखाली सोडलेला लांबलचक अँटेना आणि आत धड्यांच्या टेपा. खाली मिशिगनसह सहा राज्यांतली पोरं वर्गातल्या टीव्हीवर तो धडा बघायची. आभाळालाच फळा केला होता म्हणा ना! विमानाने अंतर मिटवलं, पण घंटा मात्र तशीच राहिली. धड्याच्या वेळी तुम्ही तापाने अंथरुणात असलात, तर धडा हुकला.

घंटेवरचा उतारा निघाला मिशिगनमधल्याच ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात. 1975 मध्ये रॉबर्ट पार्न्स या तरुणाने मिशिगन विद्यापीठाच्या मेनफ्रेम संगणकावर ‘कॉन्फर’ ही प्रणाली रचली. त्या काळी फोनचा रिसीव्हर मोडेमच्या दोन रबरी वाट्यांत बसवायचा, आतून शिट्टी ऐकू आली की टाइप करायचं. वेग सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं! पण गंमत वेगात नव्हतीच. सकाळी एकाने मांडलेला मुद्दा क्रमांकासह तिथेच थांबून राही आणि दुसरा रात्रीची जेवणं आटोपून त्याला उत्तर देई. गप्पा रंगलेल्या, पण गप्पा मारणारे एका वेळी हजरच नाहीत! आज व्हॉट्सॲपमुळे याचं काहीच वाटत नाही.

1980च्या दशकात इथल्या शिक्षणशास्त्राच्या मंडळींनी ही युक्ती शाळांपर्यंत नेली. दूरदूरची मुलं अरब-इस्रायल संघर्षातल्या नेत्यांच्या भूमिका घेऊन एकमेकांना खलिते धाडू लागली. उत्तर तिथल्या तिथे द्यायचं नसल्यामुळे आधी वाचायला, विचार करायला सवड मिळे. वर्गात हात वर करायला बुजणाऱ्या मुलालाही मग बोलायला वाव.

पुढची पावलं सावकाश पडली. 2006 मध्ये मिशिगनने शालान्त प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन शिक्षणाचा अनुभव सक्तीचा केला. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. 2012 मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या कोर्सेरा या मंचाशी सुरुवातीलाच जोडल्या गेलेल्या चार विद्यापीठांत मिशिगन विद्यापीठ होतं.

मग आला कोविडच्या साथीतला 2020चा शरद. ॲन आर्बरच्या सरकारी शाळा उघडल्या त्या थेट घरातल्या पडद्यावर. बाई चौकटीत, मुलं चौकटीत आणि सोबत तासांचं वेळापत्रक! ज्या गावाने 45 वर्षांपूर्वी घंटा काढून टाकली होती, तिथे ती लॅपटॉपमधून पुन्हा घणघणू लागली.