पंप बदलण्याआधी गेज लावा!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असतेच. दहा-पंधरा वर्षं जुनी टर्बो पेट्रोल सेडान. सेकंड हँड घेतलेली, रिमॅप मारलेली, बूस्ट वाढवलेला, मागे डब्याएवढा एक्झॉस्ट. समजा, ती तुमचीच आहे. गावात मस्त चालते, सिग्नलला आयडल एकदम गुळगुळीत. पण फुल थ्रॉटल दिला की साडेचार हजार आरपीएमच्या पुढे गाडी झटके द्यायला लागते आणि पिकअप गायब!

आता कट्ट्यावर सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणतो, प्लग बदल. दुसरा म्हणतो, कॉइल गेली. तिसरा छातीठोकपणे सांगतो, ‘भावा, पंप कमी पडतोय, मोठा टाक.’ तुम्ही प्लग बदलता, कॉइल बदलता, शेवटी पॉकेटमनी साठवून ताशी २५५ लिटरचा पंपही बसवता. आणि गंमत म्हणजे झटके थांबत तर नाहीतच, उलट आता ते चार हजारालाच सुरू होतात. याला म्हणतात आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

हा प्रश्न फक्त वाया गेलेल्या पैशांचा नाही. टर्बो इंजिनाला फुल लोडवर पेट्रोल कमी पडलं, की मिश्रण ‘लीन’ होतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, हे तुम्ही वाचलं असेल. पण बूस्टवर असताना ट्यूनर मुद्दाम जास्त पेट्रोल देतात. साधारण ११.५ ते १२ पट हवेला एक पट पेट्रोल, म्हणजे सिलिंडरमधलं तापमान ताब्यात राहतं. ते पेट्रोल मिळालं नाही की नॉकिंग सुरू होतं, आणि पिस्टनची कड वितळायला काही सेकंद पुरतात. म्हणून झटके देणारी गाडी ‘जरा रेटून बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा पळवणं हा सगळ्यात महागडा प्रयोग.

बर्नोली इथे कामाला येतो

आधी पेट्रोलचा रस्ता समजून घ्या. टाकीत पंप, त्याच्या तोंडाशी जाळी. मग फिल्टर, पाइप आणि इंजिनवरची फ्युएल रेल. रेलमधून इंजेक्टरला पेट्रोल मिळतं. रेलच्या टोकाला प्रेशर रेग्युलेटर असतो, तो जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत पाठवतो. आपण बोलतोय ते या जुन्या पद्धतीच्या, रिटर्न लाइन असलेल्या पोर्ट इंजेक्शन गाड्यांबद्दल.

अशा बऱ्याच गाड्यांत मूळ दाब असतो ३ बार, म्हणजे साधारण ४३.५ पीएसआय. पण इंजेक्टरला नुसता रेलमधला दाब कळत नाही. त्याच्या एका बाजूला रेल, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्ड. त्याला कळतो तो या दोघांतला फरक. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट भरला, तर रेलमध्ये ४ बार हवेत, तरच फरक ३ बार राहतो. हे काम रेग्युलेटरवरची ती बारीकशी व्हॅक्यूम नळी करते. बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच रेलचा दाब वाढला पाहिजे.

आता समजा, रेलचा दाब ३ बारलाच अडकला. फरक उरला २ बार. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दोन भागिले तीन, त्याचं वर्गमूळ काढा. ०.८२ येतं. म्हणजे इंजिनाला नेमक्या अवघड क्षणी १८ टक्के पेट्रोल कमी! परीक्षेसाठी पाठ केलेला बर्नोली इथे तुमचा पिस्टन वाचवतो तो असा.

क्रमाने चला

नियम एकच. दाब मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. रेलच्या फीड लाइनवर चांगल्या दर्जाचा गेज बसवून घ्या आणि वही-पेन जवळ ठेवा.

पहिली चाचणी, चावी फिरवून. इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन केलं की पंप दोन-तीन सेकंद घुर्रर्र करतो. दाब ३ बारच्या आसपास चढला पाहिजे. नाही चढला, तर फ्यूज, रिले, पंप, गळती असा शोध इथूनच सुरू होतो.

दुसरी चाचणी, थांबून. पंप बंद झाल्यावर दाब किती वेळ टिकतो ते बघा. हळूहळू उतरणं चालतं. भसकन खाली आला, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर किंवा रेग्युलेटर यांपैकी कुणीतरी पेट्रोल सोडतंय. गाडी गरम असताना सेल्फ खूप वेळ मारावा लागत असेल, तर ही चाचणी आवर्जून करा.

तिसरी, आयडलवर. इंजिन सुरू असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, म्हणून गेज साधारण २.४ ते २.५ बार दाखवेल. रेग्युलेटरवरची नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद करा. दाब ३ बारला गेला पाहिजे. हललाच नाही, तर नळी फाटलीय, बुजलीय किंवा रेग्युलेटर अडकलाय. आणि त्या नळीत पेट्रोल दिसलं, तर रेग्युलेटरचा आतला पडदा फाटला. बास, निदान झालं.

चौथी आणि खरी चाचणी, लोडवर. बहुतेक जण नेमकी हीच करत नाहीत, कारण आयडलला सगळं ठीक दिसतं. पण आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती? घरच्या नळाला मुंबईच्या सोसायटीत सकाळी सातला किती दाब असतो, ते दुपारी तीनला तपासून कसं कळेल? ही चाचणी हायवेवर करायची नाही. डायनोवर करायची, बूस्ट आणि फ्युएल प्रेशर दोन्ही एकत्र लॉग करून. बूस्ट चढताना दाबही तेवढाच चढला, तर इंधनाची बाजू बहुतेक निर्दोष. मग इग्निशनकडे वळा. दाब सुरुवातीला चढला आणि वरच्या आरपीएमला घसरला, तर पेट्रोल पुरत नाहीये. आता प्रश्न एवढाच की का.

मोठ्या पंपाने बिघडवलं कसं?

आपल्या गाडीकडे परत येऊ. पहिल्या तीन चाचण्या पास. डायनोवर मात्र चार हजारापर्यंत दाब बूस्टबरोबर जातो आणि तिथून घसरतो. फिल्टर नवा, पंप नवाकोरा. मग?

थोडा हिशोब करा. टर्बो पेट्रोल इंजिनाला २५० हॉर्सपॉवर काढायला तासाला ढोबळमानाने ९० लिटर पेट्रोल लागतं. पंपावर छापलेलं २५५. दाब वाढला की पंपाचा प्रवाह कमी होतो हे मान्य, पण एवढा नाही. म्हणजे पंपाला काहीतरी मिळत नाहीये. ते म्हणजे वीज!

मल्टिमीटरच्या वायरी लांब करून पंपाच्या कनेक्टरवर लावा आणि पुन्हा डायनोवर लोड द्या. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपावर ११.३. मधले २.६ व्होल्ट गेले कुठे? आता पंपाची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात मोजा. तिथे दिसायला हवेत ०.१ किंवा ०.२ व्होल्ट. दिसतात १.९! पंपाची अर्थिंग बॉडीला जिथे जोडली आहे, तिथला बोल्ट गंजलाय. मोठा पंप जास्त करंट ओढतो. जेवढा करंट जास्त, तेवढा गंजलेल्या जोडावर व्होल्टेज जास्त पडतो. म्हणून मोठ्या पंपाने दुखणं वाढवलं. जुना पंपही बिचारा बहुधा ठीकच होता.

बोल्ट घासून साफ करायचा, अर्थिंगची नवी वायर टाकायची, मोठ्या पंपासाठी बॅटरीवरून जाड वायर आणि वेगळा रिले घ्यायचा, फ्यूजसकट. यातलं काहीही पंपाएवढं महाग नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. झटके फक्त लांब वळणावर आणि टाकी पाव भरलेली असतानाच येत असतील, तर पेट्रोल टाकीत एका बाजूला जातंय आणि पंप हवा ओढतोय. टाकी भरून बघा, ही सगळ्यात स्वस्त चाचणी. दुसरी गोष्ट ई२०ची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत तेच मिश्रण राखायला ते ७ ते ८ टक्के जास्त लागतं. जुन्या ट्यूनवर आधीच काठावर चाललेली सिस्टीम यामुळे कमी पडू शकते. शिवाय जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नसतील, तर ते कडक होतात, भेगाळतात. हात फिरवून बघा, वास घ्या.

एक शॉर्टकट मात्र टाळा. दाब कमी दिसला म्हणून ॲडजस्टेबल रेग्युलेटरचा स्क्रू पिळायचा मोह होतो. आयडलला आकडा छान दिसतो, पण दमलेल्या पंपावर ओझं आणखी वाढतं आणि फुल लोडवर तो आणखी लवकर धाप टाकतो.

इथे हिरोगिरी नको

दाबाखालचं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर उडालं तर विचार करायला वेळ मिळत नाही. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरी काढा. मोकळी हवा, डोळ्यांवर गॉगल, हाताशी फायर एक्स्टिंग्विशर. इंजेक्शन गाडीला त्याच दर्जाची नळी आणि क्लिप वापरा, कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी रबरी नळी नाही. पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही, आत गेज हवा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सरचा घ्या. आणि गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असेल, तर तिच्या हाय प्रेशर लाइनला हातच लावू नका. तिथे दाब शंभर बारच्या वर असतो, धार कातडीतून आत जाते. तिथले आकडे ओबीडी स्कॅनरवर वाचा.

अजून एक कटू सत्य. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठणकावून सांगितलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सचा क्लेमही अडू शकतो. ही खुमखुमी असेल तर तुमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम गाठा. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतसाठी जाणाऱ्या टीमना असा माणूस हवाच असतो, जो अंदाज न बांधता आकडे वाचतो.

आणि पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी ‘पंप गेलाय रे’ म्हणालं, की त्याला दोनच प्रश्न विचारा. लोडवर गेजवर किती होतं? आणि पंपावर किती व्होल्ट होते?