दुखणं कोणाच्या खात्यात?

जुन्या कंबरदुखीचा रुग्ण आपल्याकडे साधारण एकाच वाटेने फिरतो. फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्या-इंजेक्शनने आठवडा बरा जातो, मग हाडांचे डॉक्टर, तिथून एमआरआय, मग मेंदू आणि मज्जातंतूंचे तज्ज्ञ, मध्ये फिजिओथेरपीच्या दहा बैठका, आणि शेवटी 'रिपोर्टमध्ये काही विशेष नाही, टेन्शन कमी करा' हा सल्ला. प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरतं तपासलेलं असतं आणि बहुधा प्रामाणिकपणेच तपासलेलं असतं. तरीही फाईल जाड होते आणि दुखणं जागच्या जागी राहतं. याचा दोष डॉक्टरांच्या निष्ठुरपणावर टाकणं सोपं आहे, पण ते निदान चुकीचं ठरेल. आपली वैद्यकीय व्यवस्था अवयवांनुसार वाटलेली आहे आणि त्या वाटपात वेदना कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. ज्याची जबाबदारी कोणावरच नाही त्या आजाराला डॉक्टर मिळत नाही, मग शहरात कितीही दवाखाने असोत.

ही वाटणी झाली तेव्हा वेदना हे केवळ लक्षण मानलं जात होतं. मूळ रोग शोधा, तो बरा करा, वेदना आपोआप जाईल, असा हिशेब होता. हाड मोडलं किंवा अपेंडिक्स सुजलं तर तो आजही बरोबर आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला मात्र तो लागू पडेलच असं नाही. सततच्या माऱ्याने मज्जारज्जू आणि मेंदूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होतात, मग मूळ जखम भरून आल्यावरही साधा स्पर्श किंवा हालचाल दुखू शकते, हे १९८०च्या दशकापासूनच्या संशोधनाने दाखवलं आहे. अशी वेदना एमआरआयमध्ये दिसत नाही. गंमत म्हणजे, एमआरआयमध्ये जे दिसतं ते पुष्कळदा दुखत नाही. कंबरदुखीचा कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के ठणठणीत माणसांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे 'गादी झिजली आहे' हे वाक्य खरं असूनही ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही, आणि 'रिपोर्ट नॉर्मल' असल्याने दुखणं खोटं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झालं, दीर्घकालीन वेदनेला अखेर स्वतःची नोंद मिळाली. वर्गीकरण बदललं, पण ओपीडीच्या पाट्या होत्या तशाच आहेत.

या रुग्णाला कोणी आपलं म्हणत नाही यामागे पैशाचं साधं गणितही आहे. दीर्घकालीन वेदनेच्या उपचारात मुख्य खर्च वेळेचा असतो. झोप कशी आहे, काम कोणतं, भीती कशाची, कोणती हालचाल टाळली जाते हे विचारायला हवं, व्यायाम हळूहळू वाढवायला हवा, औषधाचा डोस महिनोनमहिने जुळवत राहायला हवा. पन्नास रुग्ण बाहेर ताटकळत असताना हे कोण करणार? आपल्याकडच्या बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर पैसे देतात, अर्धा तास बोलण्याचे देत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भरही दाखल करून करायच्या उपचारांवरच आहे. म्हणून मणक्याचं ऑपरेशन करणारा सर्जन सापडतो, ते नको असलेल्या रुग्णाला सांभाळणारा डॉक्टर सापडत नाही. पेन क्लिनिक निघाली आहेत, बहुतांशी भूलतज्ज्ञांनी चालवलेली, पण ती मोठ्या शहरांत, आणि तिथेही पैसे मिळतात ते इंजेक्शन वा अन्य प्रक्रियेचे. भरीला भर म्हणजे, नसांच्या वेदनेवर उपयोगी पडणारी अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन ही औषधं मुळात नैराश्यावरची. चिठ्ठीवर ती दिसली की 'मला वेडा ठरवलं' असं रुग्णाला वाटतं. ती वेदनेच्या चेतामार्गांवरच काम करतात हे समजावून सांगायला लागणारी पाच मिनिटं नसल्याने कित्येक डॉक्टर ती लिहायचंच टाळतात.

याच्या जोडीला कायद्याची धास्ती आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ साली आला आणि त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती. अफूपासून बनणारं वेदनाशामक मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. रुग्णालयांनी सरळ मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ साली अवघ्या १८ किलोंवर आला. आणि हे कुठे, तर नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने असलेल्या, वैद्यकीय कामासाठी अफू निर्यात करणाऱ्या देशात! २०१४च्या दुरुस्तीने नियम सोपे केले, मॉर्फिनसह सहा औषधांना 'अत्यावश्यक' ठरवून मान्यताप्राप्त संस्थांसाठी एकच परवाना ठेवला. पण मधल्या तीसेक वर्षांत डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फिनची बाटली न हाताळताच शिकून बाहेर पडल्या होत्या. मॉर्फिन मुख्यतः कर्करोगाच्या वेदनेसाठी लागतं, गुडघेदुखीसाठी नाही, हे खरं. तरी त्या काळात रुजलेली सवय, म्हणजे तीव्र वेदनेची तक्रार आली की आधी रुग्णाकडे संशयाने पाहायचं, ती सगळ्यांच्याच वाट्याला आली.

यावर लगेच अमेरिकेचं उदाहरण पुढे केलं जातं. तिथे वेदनेला महत्त्व दिलं आणि व्यसनाची साथ आली, असा आक्षेप. तो गंभीर आहे, पण त्या कहाणीतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. तिथे घडलं ते असं, की वेळ आणि व्यायामाऐवजी ऑक्सिकोडोनसारखी अफूजन्य गोळी देणं स्वस्त आणि झटपट ठरलं, आणि कंपन्यांनी ती निर्धोक असल्याचं भासवलं. पुढे २०१८ साली तिथल्या माजी सैनिकांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी आणि सांधेदुखी यांत अफूजन्य गोळ्या साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तेव्हा आपल्याकडे अशा दुखण्यांसाठी त्या सर्रास द्याव्यात असं कोणी म्हणत नाही, निदान मी तरी नाही. पण घबराटीत दार लावून घेतल्यावर काय होतं हेही अमेरिकेनेच दाखवलं. अशा गोळ्या लिहून देण्याबाबतची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं ताठरपणे वापरली गेली, वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांचे डोस अचानक तोडले गेले, आणि २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी संशोधकांनी मिशिगनमधल्या १९४ दवाखान्यांना ओळख लपवून फोन केले होते. अशा गोळ्या चालू असलेल्या नव्या रुग्णाला त्या लिहून द्यायला सुमारे ४१ टक्के दवाखान्यांनी नकार दिला. आधी बेछूट गोळी, मग बंद दार. दोन्ही वेळा टाळलं गेलं ते एकच काम, रुग्णाची जबाबदारी घेऊन त्याला वर्षानुवर्षं सांभाळण्याचं.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो: यातलं निम्मं मानसिक असतं. असेल. चिंता, नैराश्य, अपुरी झोप यांनी वेदना वाढते आणि वेदनेने ती वाढतात, हे चक्र नीट अभ्यासलेलं आहे. पण त्यामुळे रुग्ण उपचाराच्या कक्षेबाहेर कसा जातो? रक्तदाबही ताणाने वाढतो, म्हणून त्याची गोळी कोणी नाकारत नाही. हा शेरा बायकांच्या वाट्याला जास्त येतो हेही नोंदवायला हवं. जिचं निदान प्रामुख्याने स्त्रियांमध्ये होतं ती अंगभर दुखवणारी फायब्रोमायल्जिया कितीतरी काळ 'घरच्या कटकटी' या सदरात जमा होत होती. डॉक्टरांची बाजू सांगायची तर, पूर्ण बरं न होणारा रुग्ण हा त्यांच्या शिक्षणाचाच पराभव वाटतो. इथे यश म्हणजे दुखणं शून्यावर येणं नव्हे. जिना चढता येणं, पुन्हा कामावर जाता येणं हे यश असतं, आणि ते मोजायला कोणी शिकवलेलं नसतं.

मनुष्यबळ कुठून आणायचं, हा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. जगभर अपंगत्वात काढलेल्या वर्षांचं पहिल्या क्रमांकाचं कारण कंबरदुखी आहे. इतक्या रुग्णांना पुरतील एवढे वेदनातज्ज्ञ कधीच तयार होणार नाहीत. पण १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं परिहारक सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर) काम तज्ज्ञांच्या संख्येवर उभं राहिलं नाही. प्रशिक्षित परिचारिका, साधे डॉक्टर आणि गावातले स्वयंसेवक यांनी ते घरोघरी नेलं. २००८ साली केरळ सरकारने त्याचं धोरण केलं आणि पंचायतींना त्यात आणलं. देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६ साली मुंबईत, वांद्र्याला निघालं होतं, टाटा रुग्णालय इथेच आहे, तरी महाराष्ट्रात ते काम गावापर्यंत त्या प्रमाणात पोचलं नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि परिहारक सेवा आहे, पण ती अंथरुणाला खिळलेल्यांपुरती धरली जाते. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला धोक्याची लक्षणं ओळखून वर पाठवणं, उरलेल्यांना व्यायाम शिकवणं, डायक्लोफेनॅकच्या रोजच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला होणारी इजा समजावणं आणि त्याच रुग्णाला पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं, एवढं शिकवायला नवं यंत्र लागत नाही. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी तिथे असा पाठपुरावा ठरवून दिलेला आहे. त्याच नोंदवहीत दुखण्याचा एक रकाना घालायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.