चंदेरी : गड, गाव आणि माग

आपल्या मराठी घरांत ‘चंदेरी’ म्हटले की डोळ्यांपुढे लुगडे उभे राहते, गाव नव्हे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या घरांत आजीच्या पेटीत घडी घालून जपलेली एखादी तरी चंदेरी असते. ज्या गावाने तिला नाव दिले, ते पाहून आलेली माणसे मात्र थोडी. ललितपूर स्टेशनापासून सुमारे ४० किलोमीटरांवर, अशोकनगर जिल्ह्यात हे गाव आहे. १८११ साली ते शिंद्यांकडे आले, तेव्हा आपले नाते केवळ कापडाचेच नाही.

गावाच्या डोक्यावर सुमारे ७० मीटर उंच टेकडीवर कीर्तिदुर्ग आहे. जानेवारी १५२८ मध्ये बाबराने तो मेदिनीरायाकडून जिंकला. गड पडतो असे दिसताच आतील स्त्रियांनी जोहार केला. त्याचे स्मारक गडावर आहे, आणि वाटेवरच्या दरवाजाला लोक अजून ‘खूनी दरवाजा’च म्हणतात. जोहाराच्या स्मारकाजवळच एक लहानशी समाधी आहे, ती बैजू बावऱ्याची. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाचे पाय तेथे आपोआप थांबतात. परंपरा बैजूला राजा मानसिंह तोमराच्या ग्वाल्हेर दरबाराशी जोडते आणि त्याचा शेवट चंदेरीत झाला असे सांगते. १९५२ च्या चित्रपटाने त्याचे नाव घरोघर नेले. समाधीपाशी मात्र वाऱ्याखेरीज दुसरा सूर नसतो.

गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. माळव्याच्या महमूद खिलजीचा कोशक महाल, कमानींनी तोललेला बादल महाल दरवाजा, आणि अखंड डोंगर फोडून काढलेली कटी घाटी. पण चंदेरीचा खरा प्राण गल्ल्यांतून ऐकू येतो, तो मागांच्या खटखटीत. ताल शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला ती लय ओळखीची वाटते. पूर्वी एका मागावर दोन विणकर शेजारी बसून धोटा हाताने एकमेकांकडे देत. धावता धोटा आल्यावर एकट्याचे काम झाले.

चंदेरी मुळात सुती. दरबारांच्या पगड्यांसाठी येथील तलम सूत प्रसिद्ध होते. पुढे हातसुताऐवजी गिरणीचे सूत आले, आणि १९३० नंतरच्या काळात ताण्याला रेशीम आले. या रेशमाचा डिंक काढीत नाहीत, म्हणून कापडाला तो ताठपणा आणि आरपार दिसणारी चमक येते. १९१० साली ग्वाल्हेर संस्थानाने येथे विणकामाचे शिक्षण देणारे केंद्र काढले होते. म्हणजे राजाश्रय होता, आणि त्यासोबत शिस्तही.

आज राजाश्रय नाही. २००५ साली चंदेरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रमागावरच्या स्वस्त नकला बाजारात त्याच नावाने विकल्या जातात. बहुतेक विणकर मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचे, नक्षीही पुष्कळदा त्याच्याच सांगण्यावरून, आणि साडीही त्याचीच. नकलेचा भाव खाली आला की पहिली कात्री लागते ती मजुरीला.

म्हणून खरेदी करणाऱ्याने थोडे शिकावे. साडी उलटी करून बुटी पाहावी. हातमागाच्या बुटीला प्रत्येकी वेगळी लहान तिल्ली वापरतात. त्यामुळे मागच्या बाजूला एका बुटीपासून दुसरीपर्यंत ओढलेले किंवा कापलेले दोरे दिसत नाहीत. अशर्फी, पान, ईंट अशा बुट्यांची नावे विणकर आनंदाने सांगतात. विचारणाऱ्याला मागाजवळ बसूही देतात.

आम्हां गाणाऱ्यांत कुणी नवी चीज गायिली की पहिला प्रश्न असतो : ही कुणाकडून मिळाली? बैजूचा आवाज गेला, नाव राहिले. विणकराचे याच्या उलट झाले आहे. आजीच्या पेटीत त्याचे काम राहिले, नाव कुणी विचारलेच नाही. यंदा लग्नसराईत साडी घ्यावयाची झाली, तर चंदेरीस जाऊन मागावरच घ्यावी, पुरता भाव द्यावा, आणि विणणाऱ्याचे नाव विचारून ते साडीच्या घडीत चिठ्ठीवर लिहून ठेवावे. पुढे नात पेटी उघडील तेव्हा तिला ते ठाऊक असेल.