आधी विद्यार्थी, मग पाद्री

डिसेंबर 1831 मध्ये ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वे हे तीन अमेरिकन मिशनरी मुंबईहून घाट चढून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहायला आले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती आणि भोर घाटाचा गाडीरस्ता खुला होऊन एक वर्ष. ग्रेव्हज 1818 पासून या देशात होते, म्हणजे जुनेजाणते होते. रीड आणि हर्वे मात्र नवखे होते. मार्च 1831 मध्ये ते मुंबईत उतरले. मे महिन्यात हर्वेंची पत्नी एलिझाबेथ वारली आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात खुद्द हर्वे नगरमध्ये पटकीने गेले. मिशनच्या इतिहासांत या दिवसांची कथा हौतात्म्याची होते. आपल्याकडच्या लिखाणात तीच कथा बहुधा परक्या सत्तेच्या मागोमाग आलेल्या धर्मप्रचारकांची होते. दोन्ही कथांत तथ्य आहे, पण पाद्री उतरल्यापासून त्याचे पहिले प्रवचन होईपर्यंतचा काळ दोन्हींत चार ओळींत उरकला जातो. माझ्या मते नगरच्या मिशनचे पुढचे यशापयश समजून घ्यायचे तर याच काळाकडे पाहिले पाहिजे. शिकवायला आलेल्या माणसाला या काळात निमूटपणे शिकावे लागत होते. ज्यांनी ही विद्यार्थ्याची बैठक पुढेही सोडली नाही, त्यांचेच काम या जिल्ह्यात रुजले.

नवख्या पाद्र्याच्या हाती तेव्हा काय साधने होती ते पाहावे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 चे आणि त्यांचा कोश 1810 चा. त्या कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले होते. मोल्सवर्थचा मोठा कोश निघाला तो 1831 मध्येच. तेव्हा पुस्तकावरून भाषा शिकणे जवळपास अशक्य होते. पगारी पंडित ठेवायचा, रोज त्याच्यासमोर बसायचे आणि उच्चारापासून सुरुवात करायची, एवढाच मार्ग होता. पदवी घेऊन, दीक्षा घेऊन आलेल्या प्रौढ माणसाला ळ आणि ण साठी तासन्‌तास जीभ वळवावी लागे. शिकवणारा बहुधा ब्राह्मण असे आणि शिष्याच्या धर्माबद्दल त्याला आस्था असण्याचे कारण नव्हते. नव्या पाद्र्याचा या समाजाशी पहिला खरा संबंध आला तो अशा शिक्षकाशी, आणि त्याचा परिणामही झाला. पंडिताकडून मिळालेली मराठी संस्कृतप्रचुर होती, तर पुढे ज्यांच्यात मिशनचे काम वाढले त्या महार-मांग वस्त्यांतली बोली वेगळी होती. म्हणजे भाषा एकदा शिकून भागले नाही. नगर शहरात शिकलेले नेवासे-राहुरीच्या खेड्यात पुन्हा तपासून घ्यावे लागले.

नगरच्या पहिल्या तुकडीबरोबर आणखी एक माणूस होता, आणि त्याचे नाव वगळून हा इतिहास सांगताच येत नाही. ते म्हणजे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण बाबाजी रघुनाथ. गावाची ओळख, लोकांशी बोलण्याची रीत, कुठे काय म्हणावे आणि कुठे गप्प राहावे, याबाबतीत नवखे त्यांच्यावर अवलंबून होते. शहरातल्या आंधळ्या-पांगळ्या निराधारांसाठी असलेल्या अनाथगृहाशी मिशनचा संबंध आला, तिथेही बाबाजींचा हात होता. 1833 मध्ये नगरमध्ये मंडळी (चर्च) स्थापन झाली आणि त्याच वर्षी बाबाजीही पटकीने गेले. हवा चांगली म्हणून मुंबईऐवजी नगर निवडले होते, पण साथीने देशी-परदेशी असा भेद केला नाही. त्याआधी याच मिशनचे सॅम्युअल न्यूएल 1821 मध्ये आणि गॉर्डन हॉल 1826 मध्ये याच रोगाने गेले होते. रीड 1835 मध्ये मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेत दोन खंडांचे चरित्र छापले, ते बाबाजींचे होते. लेखकाने त्याला धर्मविजयाची कथा म्हणून मांडले असले, तरी नवख्याला वाट कोणी दाखवली याची ती कबुलीच आहे.

पुढच्या दशकांतले दाखले याच दिशेने जातात. सिंथिया फेरार डिसेंबर 1827 मध्ये मुंबईत आल्या. अविवाहित बाई, एकट्या, मुलींच्या शाळा पाहण्यासाठी. 1839 मध्ये त्या नगरला आल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. मुलींना शाळेत पाठवायला कोणी तयार नसलेल्या काळात बाहेरच्या बाईच्या शब्दावर शाळा भरणे शक्य नव्हते. घरोघरी विश्वास कमवावा लागला आणि तो कमवायला वर्षे लागली. त्यांच्या नगरच्या शाळा पाहून आपल्याला पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुले यांनी पुढे सांगितले. 1848 च्या त्या शाळेमागे नगरचा एक धागा आहे तो असा. दुसरा दाखला एबेनीझर बर्जेस यांचा. तेही 1839 चे. मराठी शाळांसाठी खगोलाचे पाठ्यपुस्तक तयार करण्याचे काम सुरुवातीलाच त्यांच्याकडे आले आणि त्यासाठी त्यांना इथल्या ज्योतिषाचा अभ्यास करावा लागला. आपले ज्ञान शिकवायला निघालेला माणूस पंडितांच्या मदतीने सूर्यसिद्धान्तात शिरला आणि 1860 मध्ये त्या ग्रंथाचा त्यांचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत प्रसिद्ध झाला. भारतीय ज्योतिषाच्या अभ्यासात तो आजही आधाराला घेतात. 1846 मध्ये आलेले सॅम्युअल फेअरबँक नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहिले, तिथल्या शेतीत आणि पक्ष्यांत रमले. तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव कायमचे बसले आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ज्यांच्यामागे इंग्रजी राज्य, शेजारी छावणी आणि हाती पगाराची थैली, ते विद्यार्थी कसले? पंडित त्यांचा नोकरच होता. हा आक्षेप अर्ध्याहून अधिक खरा आहे. गोऱ्या कातडीला कचेरीत मिळणारा मान त्यांना मिळत होता आणि पंडिताची मिळकत त्यांच्या हातात होती. पण सत्तेच्या बळावर संरक्षण मिळते, ऐकणारे कान मिळत नाहीत. शिवाय कंपनी सरकारला पाद्र्यांचे कौतुक नव्हते. या मिशनचे पहिले पाद्री हॉल आणि नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत धाडण्याचाच बेत होता. नगरमध्ये पहिली वीस-पंचवीस वर्षे मंडळी लहानच राहिली. 1854 मध्ये हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकाची दीक्षा मिळाली, गावोगावी देशी शिक्षक बसले आणि मगच खेड्यांतली वाढ दिसू लागली. सत्ता तर 1831 मध्येही होती. बदलले ते बोलणारे तोंड. त्याच सुमारास अमेरिकेहून आलेल्या रूफस अँडरसन यांच्या शिष्टमंडळाने देशी भाषेवर भर देण्यासाठी मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करायला लावल्या. मराठीचा आग्रह योग्य होता, पण लोकांना इंग्रजी हवी होती आणि ते ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही. चांगल्या तत्त्वानेही मास्तरकीचा सूर लावला की फटका बसतो, हे नगरनेच दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे शिकणे केवळ साधन होते, हेतू धर्मांतराचाच होता. ज्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला, तो शिकतो म्हणजे काय? हेतूबद्दल वाद नाही. मिशनऱ्यांनी तो कधी लपवला नाही. प्रश्न असा की, शिकण्याने शिकणारा बदलला का? रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे उदाहरण इथे निर्णायक ठरते. त्यांचा जन्म मुंबईचा, आईवडील मिशनरी. 1874 मध्ये ते नगरला आले आणि 1878 मध्ये तिथे धर्मशिक्षणाची पाठशाळा सुरू झाली ती त्यांच्या हातून. ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेलेल्यांना नरकच, हे जुने मत या माणसाला पटेनासे झाले. रजेवर अमेरिकेत असताना 1886 मध्ये त्यांनी तसे उघड बोलून दाखवले, तेव्हा मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाने त्यांना परत पाठवायलाच आधी नकार दिला. 1887 मध्ये त्यांना परवानगी मिळाली. त्या काळी अमेरिकेतही हा वाद पेटलेला होता, तेव्हा सारे श्रेय नगरला देणे चूक ठरेल. पण शेजारी राहणाऱ्या हिंदू-मुसलमानांना एका वाक्यात नरकात ढकलणे ज्याला जड गेले, त्याच्यावर त्या शेजाराचा काहीच परिणाम झाला नाही असे म्हणणेही तितकेच चूक. उपासनेतही तेच घडले. नगरचे मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी गीते रचली, पण ती पाश्चात्त्य चालींवर होती. नगरच्याच ख्रिस्ती लोकांनी पुढे कीर्तनाची वाट धरली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरला आलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन मंडळीत आणले. मिशनने ते स्वीकारले, म्हणजे आपल्या चालींची मक्तेदारी सोडली.

तिसरा आक्षेप पुराव्याबद्दलचा आहे. पहिल्या महिन्यांची बहुतेक माहिती मिशनऱ्यांच्याच पत्रांतून आणि दैनंदिन्यांतून येते, आणि ती पत्रे बोस्टनमधल्या वर्गणीदारांसाठी छापली जात. वर्गणीदाराला त्याग वाचायचा असे, प्रगती वाचायची असे. पंडिताने उच्चारावरून सुनावलेले त्यांत कशाला येईल? हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. अशा पत्रांतही भाषेपुढची हतबलता लपत नाही, आणि स्वतःला कमी दाखवणारा मजकूर, प्रचाराच्या सोयीचा नसल्यामुळे, अधिक विश्वासार्ह असतो. दुसरे म्हणजे पुराव्याची मराठी बाजूही आहे, आपण ती फारशी उघडत नाही इतकेच. जून 1842 मध्ये नगरला बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली निघालेले ज्ञानोदय हे नियतकालिक आणि लक्ष्मीबाई टिळकांचे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र या दोन्हींत मिशनचे जग मराठी डोळ्यांनी पाहिलेले सापडते.

म्हणून नगरच्या मिशनचा हिशेब मांडताना बंगले, शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्म्यांची बेरीज पुरेशी नाही. या मिशनबाहेरचे, विसाव्या शतकात आलेले स्विस जेसुइट हर्मन बाखर यांच्याही बाबतीत तेच दिसते. 1948 मध्ये भारतात आलेला हा पाद्री या जिल्ह्याच्या दुष्काळाकडे पाहत पाणलोटाच्या कामाकडे वळला, आणि ते काम उभे राहिले गावकऱ्यांच्या श्रमदानावर, त्यांनीच पाळलेल्या चराईबंदीवर. परक्या मुलखात आलेल्याचे मोल पहिल्या महिन्यांत त्याने किती सोसले यावरून ठरत नाही. त्याने कोणाकडून काय घेतले आणि ते किती काळ घेत राहिला, यावरून ठरते. हा हिशेब पुरा करायचा तर शिकवणाऱ्यांची नावे हवीत. बाबाजी रघुनाथांचे नाव रीडच्या पुस्तकाने वाचवले, बाकीचे बहुतेक पंडित, पंतोजी आणि गावशिक्षक इतिहासात बिननावी राहिले. नगरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानोदयाचे जुने अंक आणि मंडळ्यांची दप्तरे घेऊन आता त्यांचा शोध घ्यावा.