रिटेनरला गरम पाणी नको

दातांवरच्या तारा निघाल्या की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. डॉक्टर हातात एक पारदर्शक साचा किंवा तारेची गुलाबी प्लेट देतात, ‘रोज रात्री लावा, स्वच्छ ठेवा’ म्हणतात आणि उपचार संपले असं वाटू लागतं. ते संपलेले नसतात. सरकवलेल्या दाताभोवतीचं हाड काही महिन्यांत घट्ट होतं, पण हिरडीतले लवचिक तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात. त्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्षभरही लागू शकतं. तोवर दात धरून ठेवायचं काम या साच्याचं किंवा प्लेटचं, म्हणजेच रिटेनरचं. त्याला वास येऊ लागला, तो पिवळा पडला की मुलं तो लावायचं टाळतात आणि दात परत वाकडे होऊ लागतात. म्हणून रिटेनर धुणं हा उपचाराचाच भाग आहे. नांदेड-लातूरकडे तो धुताना आपल्या पाण्याचा आणि आपल्या उन्हाचा विचार करावाच लागतो.

आधी पाण्याचं बघू. लातूरला मांजरा धरणाचं आणि नांदेडला विष्णुपुरीचं पाणी येत असलं, तरी वाढत्या वसाहतींत आणि वसतिगृहांत वापरायला बरेचदा बोअरचंच पाणी असतं. काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो त्यांचाच. लाळेतही कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. रिटेनरवर जंतूंचा बुळबुळीत पापुद्रा राहिला की त्यात ते साचून टणक कीटण तयार होतं, आणि बोअरच्या पाण्याने विसळून तसाच वाळवलेला रिटेनर वरून क्षारांचे डाग धरतो. या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका तयार होतो आणि तो प्लेटच्या खाचांत जाऊन बसतो. भांड्यांचं लिक्विड इथे जास्त उपयोगी, कारण जड पाण्यात त्याचा असा साका होत नाही.

आता उष्णतेचं. ‘उकळलं की शुद्ध’ ही शिकवण पिण्याच्या पाण्यापुरती अगदी योग्य आहे, पण रिटेनरचा तिने घात होतो. पारदर्शक रिटेनरचं प्लॅस्टिक तापवून मऊ करूनच दातांच्या साच्यावर बसवलेलं असतं, त्यामुळे पुन्हा तापलं की ते आकार सोडतं. फरक डोळ्यांना दिसणारही नाही इतका असतो, पण लावताना एका बाजूला तो बसतच नाही. वसतिगृहात दुपारी सोलरच्या नळाचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, त्याखाली तो धरू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नये. बाहेर बेचाळीस अंश असताना बंद गाडीतलं तापमान साठीच्या पुढे सहज जातं.

यावर कुणी विचारेल, गार पाण्याने जंतू मरतात का? मरत नाहीत, आणि सगळे मारायची गरजही नाही. तोंड कधीच निर्जंतुक नसतं. साफ केलेल्या रिटेनरवर काही तासांत जंतू परत बसतात. पापुद्रा जाड होण्याआधी तो रोज घासून काढणं महत्त्वाचं. त्यासाठी मऊ ब्रश वेगळा ठेवावा, थेंबभर लिक्विड घेऊन आतून-बाहेरून, कडांना आणि तारेच्या वळणाखाली हलक्या हाताने घासावं. टूथपेस्ट दाताला चालते मग याला का नाही, हा प्रश्नही रास्त आहे. दाताचं एनॅमल फार कठीण असतं, प्लॅस्टिक त्यापुढे मऊ. पेस्टमधल्या बारीक कणांनी त्यावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जंतूंना आयता आसरा मिळतो.

आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात पंधरा-वीस मिनिटं रिटेनर बुडवावा. बसू लागलेले क्षार आम्लात सुटतात, मग ब्रशने निघतात. तारेची प्लेट रात्रभर त्यात ठेवू नये. ब्लीच तर तिला अजिबात लावू नये, तार गंजते. फेसाळणाऱ्या गोळ्या चांगल्या असतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. शिवाय काहींमधल्या परसल्फेटची काही जणांना ॲलर्जी असते.

रिटेनर रोज न धुण्यासाठी पाण्याची टंचाई हे कारण मात्र मला पटत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला थेंबाची किंमत कुणी सांगायला नको. पण या कामाला पेलाभर पाणी पुरतं. घासायला बोअरचं चालेल, शेवटची धार तेवढी जारच्या किंवा फिल्टरच्या पाण्याची द्यावी.

खरी हानी बरेचदा मेसमध्ये होते. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूरकडून शिकवणीसाठी आलेली मुलं जेवताना रिटेनर काढून टिश्यूत गुंडाळतात आणि तो खरकट्याबरोबर टोपलीत जातो. नवा करायचा तर पुन्हा माप, पुन्हा खर्च, आणि तो येईपर्यंत दात मोकळे. हवेला भोकं असलेली डबी दप्तरातच असू द्यावी. तारेची प्लेट रात्रीपुरतीच लावायची असेल, तर दिवसा ती बिनभोकांच्या दुसऱ्या डबीत थोड्या गार पाण्यात ठेवलेली बरी, कारण ॲक्रिलिक फार कोरडं पडू देऊ नये.

व्हिनेगरनेही न निघणारं कीटण टोकदार वस्तूने खरवडू नये. ते, किंवा अचानक घट्ट वाटू लागलेला रिटेनर, डॉक्टरांनाच दाखवावा. आपले डॉक्टर दूर असतील तर लातूर आणि नांदेड दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत, तिथे जाताना रिटेनर डबीत घालून सोबत न्यावा.