गाव निवडा

सातबारा पाहायला महाभूलेखच्या संकेतस्थळावर गेलेल्या कुणालाही हा क्रम सांगायला नको: आधी विभाग, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. पुणे निवडलं की पुढच्या खोक्यात तालुके येतात, मुळशी निवडलं की शंभरावर गावं खाली उतरतात. वेब ॲप्लिकेशन लिहायला नव्याने बसलेल्या मुलांना शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली. तेवढ्यात भाषा बदलल्या, साधनं बदलली, पण पहिल्या महिन्यातला स्वाध्याय मी बदलला नाही. जिल्हा, तालुका, गाव. वेबवरची अवघड गोष्ट त्यात अगदी उघडी पडते. यादी आपल्या पानात नसते, ती दुसरीकडून मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत वेळ जातो. त्या मधल्या वेळात पानाने काय करायचं, हे ज्याला सुचलं तो पुढे निभावतो.

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं मुळशी तालुक्यातली आहेत हे तिथे रोज कामाला येणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. बायोडेटावर सगळे पुणेच लिहितात. हिंजवडीला खरं तर साखर कारखाना व्हायचा होता. त्याच्या भूमिपूजनाला आलो आणि इथे कारखाना नको, आयटी पार्क करू, असं सांगून गेलो, ही आठवण शरद पवारांनी जाहीर भाषणांत अनेकदा सांगितली आहे. कारखाना पुढे कासारसाई-दारुंब्रेला झाला आणि इथल्या शेतजमिनीवर एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं. इन्फोसिस आली, विप्रो आली, मागोमाग बाकीच्या. शिकायला मात्र तेव्हा कुणी हिंजवडीला येत नसे. क्लास होते डेक्कनला, कर्वे रोडला. सीडॅकच्या डॅक अभ्यासक्रमाला नंबर लागला तर घरी पेढे वाटायचे. हिंजवडी हे नोकरीचं ठिकाण. तिथपर्यंत पोचायचं कसं ते शहरात शिकायचं.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली मुलं आयव्हन बेरॉस यांचं बीपीबीने काढलेलं जाडजूड पुस्तक काखेत घेऊन फिरत. एचटीएमएल, डीएचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पर्ल, सगळं एका बांधणीत. हलणारं-बोलणारं पान करायचं तर प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागे, एकदा नेटस्केपसाठी, एकदा इंटरनेट एक्सप्लोररसाठी. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आईक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत लिहिली ही कथा मुलांना फार आवडायची, कारण तिच्या तऱ्हेवाईकपणाचा दोष मग आपल्या डोक्यावर येत नाही. गंभीर काम जावास्क्रिप्टमध्ये करायचं नसतं, असं तेव्हाच्या शिक्षकांचं ठाम मत होतं. माझंही. गंभीर काम म्हणजे जेएसपी आणि सर्व्हलेट, टॉमकॅट चालू करायचा, आठ हजार ऐंशीचं पोर्ट उघडायचं आणि नलपॉइंटर एक्सेप्शनची पानभर लांब यादी वाचत बसायचं.

या पद्धतीत तालुका निवडला की अख्खा फॉर्म सर्व्हरकडे जाई. पान पांढरं होई. नवं पान येई, त्यात गावांची यादी भरलेली असे, पण वर टाइप केलेलं नाव पुसलं गेलेलं असे आणि स्क्रोल परत माथ्यावर. मग नाव जपायला आणखी कोड. नवशिक्यांचा पहिला आठवडा या जपण्यातच जायचा. आज ते हास्यास्पद वाटतं, पण त्याचा एक फायदा होता. मागणी गेली, उत्तर आलं, हे डोळ्यांना दिसायचं. पान पांढरं झालं की मुलाला कळायचं, आता आपण सर्व्हरच्या दारात उभे आहोत.

गंमत अशी की या पांढऱ्या पानाची गरज तेव्हाही नव्हती. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची सोय मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केली होती, आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर ती प्रत्येक सायबर कॅफेतल्या संगणकात येऊन पडली होती. आम्ही त्याच संगणकांवर बसून पान पांढरं करत राहिलो. पुस्तकात नव्हतं, परीक्षेत नव्हतं. २००४च्या एप्रिलमध्ये जीमेल आलं, २००५च्या फेब्रुवारीत गूगलचे नकाशे आले, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या तंत्राला अजॅक्स असं नाव दिलं. नाव मिळताच जादू झाली. नोकरीच्या जाहिरातींत अजॅक्स, मुलाखतींत अजॅक्स, कॉलेजच्या ब्लॅक बुकमध्ये अजॅक्स. ज्या प्रकल्पात एकही अजॅक्सची ओळ नाही त्याच्याही. २००६ मध्ये जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली आणि दोन ब्राउझरांसाठी दोनदा लिहिणं थांबलं. डॉलरचं चिन्ह, कंस, आणि गावांची यादी हजर. मुलांच्या तोंडावरचा तो आनंद मला पुढे कुठल्याच नव्या साधनाच्या वेळी दिसला नाही.

फक्त गावांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची. माण लिहिलं की तीन, ताम्हिणी लिहिलं की आठ. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ मांडणी लॅटिन अक्षरांची होती आणि देवनागरी तिच्या मापात बसत नव्हती. जितकी चिन्हं, तितके प्रश्न. शिवाय मुलांकडची गावांची यादी बहुधा कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तिचा निव्वळ चिवडा दिसे. यूटीएफ-८ काय असतं हे इंग्रजीत काम करणाऱ्या मुलाला कुठल्याशा नोकरीत तिसऱ्या वर्षी कळतं. आमच्या मुलांना ते तिसऱ्या दिवशी कळायचं. मायएसक्यूएलची मूळ मांडणी अखेर २०१८ च्या आठव्या आवृत्तीत बदलली, आणि एक चांगला धडा अभ्यासक्रमातून आपोआप गळाला.

पण या सगळ्या काळात एक बिघाड कुणाच्या लक्षात यायचा नाही, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. समजा, तुम्ही चुकून मुळशी निवडलं आणि लगेच बदलून मावळ केलं. मागण्या दोन गेल्या. उत्तरं त्याच क्रमाने परत येतील याची हमी कुणी दिलेली नाही. चांदणी चौकातून आधी सुटलेली एसटी मागाहून सुटलेल्या गाडीनंतर पौडला पोचावी, तसं मुळशीचं उत्तर मावळच्या मागून येतं आणि आलेल्या यादीवर पसरतं. वर तालुका मावळ, खाली गावं मुळशीची. सातबाराच्या बाबतीत ही चूक किती महागात पडेल, ते वेगळं सांगायला नको.

हिंजवडीत बसून हा बिघाड दिसत नाही. तिथे फायबरची जाडजूड लाइन, सर्व्हर त्याच इमारतीत किंवा त्याच लॅपटॉपवर, उत्तरं इतक्या झटकन येतात की क्रम चुकायला फुरसतच नसते. तोच फॉर्म पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे जाताना मोबाइलवर उघडावा. रेंज एका वळणावर येते, दुसऱ्यावर जाते, पावसाळ्यात तर विजेचाही भरवसा नाही. तिथे दहा मिनिटांत सगळे दडलेले बिघाड बाहेर पडतात. एकाच तालुक्याच्या दोन टोकांना इतकं वेगळं इंटरनेट असणं राहणाऱ्यांना तापदायक आहे, पण शिकवणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. (या तालुक्याच्या पश्चिमेचं पाणी जवळजवळ शंभर वर्षं भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करतं, १९२१चा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्धचा. पूर्वेचा कोड अमेरिकेला जातो. मधल्या गावांना लोडशेडिंग आणि लोडिंग, दोन्ही पाठ आहेत.) क्रोममध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करायची सोय आहे. आम्ही वर्गात त्या सोयीला ताम्हिणी म्हणतो.

२०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट खुलं केलं. त्यातली कल्पना सुंदर आहे, याबद्दल माझं दुमत नाही: माहिती अशी असेल तर पडदा असा दिसेल, एवढंच सांगा, पडद्यावर काय पुसायचं आणि काय लिहायचं ते आम्ही बघू. मोठ्या पानांना याची गरज होतीच. पण नवशिक्यांच्या दृष्टीने पुढची सहा-सात वर्षं सगळ्यात वाईट गेली, असं मला वाटतं. गावांची यादी दाखवण्याआधी नोड बसवा, मग शेकडो पॅकेज उतरवून घ्या, मग ती एकमेकांशी का पटवून घेत नाहीत ते शोधा. ज्यांनी अँग्युलर शिकून घेतलं होतं त्यांना २०१६ मध्ये त्याच नावाची पण जवळजवळ नवीच वस्तू शिकावी लागली. याच सुमाराला क्लास शहरातून वाकड-हिंजवडीत सरकले. भूमकर चौकापासून शिवाजी चौकापर्यंत फुल स्टॅक आणि शंभर टक्के प्लेसमेंटच्या पाट्या लागल्या. लातूर, बुलढाणा, जळगावची मुलं पीजीत राहून, मेसचा डबा खाऊन सहा महिन्यांत फुल स्टॅक व्हायची. त्यातली बरीच हुशार होती, पण ब्राउझर नेमकं काय मागवतो हे विचारलं की गप्प. पांढरं पान गेलं आणि त्याच्याबरोबर सर्व्हरचं दारही दिसेनासं झालं.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याने मात्र खरा फरक पडला. त्याआधी व्हिडिओ बघून शिकणं हा शहरी चैनीचा भाग होता. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पीएचपी आणि मायएसक्यूएलचे धडे मराठीतूनही करून ठेवले होते, पण घोटवड्याच्या मुलाने ते बघायचे कुठल्या डेटावर? जिओनंतर पिरंगुट-पौड भागातली, बीबीए-सीएला असलेली मुलं मोबाइलवर धडे बघून यायला लागली. ज्यांच्या घरच्या जमिनी पार्कात किंवा पार्काभोवतीच्या सोसायट्यांत गेल्या, त्यांतल्या अनेक घरांनी खोल्या भाड्याने दिल्या, टँकर घेतले, कंपन्यांना गाड्या लावल्या. जमीन विकून हाती काही न उरलेल्यांची गोष्ट प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मुळे २०१८ मध्ये महाराष्ट्रभर पोचली. कंपनीच्या गेटवर गाडी लावणाऱ्याची मुलगी त्याच गेटातून कार्ड दाखवून आत जाते, याचा सिनेमा कुणी केलेला नाही. फार नाहीत अशा मुली, पण आहेत. २०२०च्या टाळेबंदीत पीजी रिकामे झाले, बाहेरगावची मुलं घरी गेली, आणि माण-मारुंजीचे विद्यार्थी तेवढे जागेवर राहिले.

२०२२च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि माझा स्वाध्याय एका दुपारीत निकालात निघाला. जिल्हा-तालुका-गाव मागा, चाळीस सेकंदांत नीटनेटका कोड समोर. त्यात आधीची मागणी रद्द करायची ओळही बहुधा असते, जी आमच्या जुन्या मुलांना महिनाभर सुचत नसे. ही ओळ कशासाठी, विचारलं तर उत्तर येतं: त्यानेच दिली. म्हणून आता मी कोड मागत नाही, बिघाड मागते. ती ओळ काढा, नेटवर्कला ताम्हिणी लावा आणि मला मावळच्या नावाखाली मुळशीची गावं आणून दाखवा. ज्याला चूक घडवून आणता येते त्याच्या हाती तयार कोड द्यायला माझी हरकत नाही. नव्या भरतीचा जोर ओसरल्यापासून मुलाखत घेणारेही हल्ली असंच काही विचारतात, असं मुलं सांगतात.

यंदाच्या मुलांना पुढचा स्वाध्याय ई-पीक पाहणीवरून दिला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभरातला शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करतो, आणि मुळशीच्या भातखाचरात रेंज असेलच असं नाही. तेव्हा आमचा फॉर्म नेट नसताना भरता आला पाहिजे, नोंद फोनमध्येच ठेवली पाहिजे आणि रेंज आली की गेली पाहिजे. इथवर सगळ्यांचं जमलं. मग मी विचारलं, एकाच गटाच्या दोन भावांनी रेंजबाहेर दोन वेगळी क्षेत्रं भरली आणि दोन्ही नोंदी संध्याकाळी पोचल्या, तर खरी कुठली? कुणी म्हणालं, मागाहून भरलेली. पण फोनचं घड्याळ पुढे असलं तर? कुणी म्हणालं, आधी पोचलेली. म्हणजे ज्याच्या घराजवळ टॉवर, त्याची जमीन. मागच्या बाकावरून माणचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, दोन्ही ठेवायच्या. तलाठी बघंल.” वर्ग हसला, पण त्याचं म्हणणं मान्य झालं, आणि सध्या मुलं डेटाबेसच्या तक्त्यात वादातल्या नोंदींसाठी एक जादा रकाना घालताहेत.