घडीचा चाकू आणि आपली बोटे

कलमे बांधणारे माळी, वायरमन, ट्रकचालक अशा अनेकांच्या खिशात घडीचा चाकू असतो. दोर कापायला, फळ चिरायला तो सोयीचा. मात्र स्वयंपाकघरातल्या सुरीत नसलेला एक दोष त्याच्यात असतो. काम चालू असतानाच तो मिटू शकतो, आणि मिटतो तो मूठ धरलेल्या बोटांवर.

साध्या घडीच्या चाकूचे पाते केवळ स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते. त्याला खटका नसतो. टोक लाकडात खुपसले किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला की तो मिटतो. अशा चाकूने ओढून कापावे, भोके पाडू नयेत.

खटक्याचे प्रकार अनेक. एकात मुठीच्या पाठीकडची पट्टी पात्याच्या खाचेत बसते. हा प्रकार मजबूत. पण खाचेत माती, फळाचा गर किंवा खिशातले धागे साचले, तर पट्टी अर्धवटच बसते. दुसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते. ती झिजली किंवा चाकू पिळला गेला तर निसटू शकते. शिवाय मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, हे बरेच जण विसरतात. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरवायची कडी आली. रचना अगदी साधी, पण कडी फिरवायची राहिली तर खटका नसल्यासारखाच!

चाकू उघडल्यावर पाते हलते का, हे पाहावे. मग बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबावी. खटका सुटला तर तो चाकू वापरू नये. सांध्यातला मळ जुन्या दातांच्या ब्रशने काढून तेलाचा एक थेंब सोडावा. जोराच्या कामाला मात्र न मिटणारी सुरीच घ्यावी. कोणताही खटका तिची बरोबरी करीत नाही.

आता जखमेविषयी. मिटणारे पाते बहुधा बोटांच्या पाठीवर बसते. तिथली कातडी पातळ असते आणि तिच्या लगेच खाली बोट सरळ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी असते. मधल्या सांध्यावरची कंडरा तुटली तरी सुरुवातीला बोट सरळ होऊ शकते. एक-दोन आठवड्यांत सांधा वाकू लागतो आणि मग उपचार अवघड होतात. म्हणून सांध्यावरचा काप लहान दिसला तरी तो त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. बोट सरळ होत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल, तर अजिबात थांबू नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. थांबले का, हे पाहण्यासाठी सारखे कापड उचलू नये. रक्त थांबल्यावर जखम वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, कॉफी, टूथपेस्ट भरू नये; डॉक्टरांना आधी तेच खरवडून काढावे लागते. बोटातली अंगठी लगेच काढावी, सूज आल्यावर ती निघत नाही. जखम मातीने माखली असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर तीही टोचून घ्यावी.